भाची अमेरिकेची, शिकायला इंग्लंडात, आणि फोन मात्र मला नाशिकला

गंगापूररोडची_मावशी
२२ नोव्हेंबर, दुपारी २:४०

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण स्वतः बाहेर शिकून आलेत किंवा कुणाची मुलं तिकडे आहेत म्हणून विचारतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझी बहीण पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहे. तिची मुलगी तिथेच जन्मली, तिथेच वाढली, आता वीस वर्षांची आहे. त्यांच्याकडे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला दुसऱ्या देशात जाऊन शिकून यायची सोय असते, तशी ही सप्टेंबरच्या शेवटी इंग्लंडला लीड्सला गेली, वर्षभरासाठी. जाताना आम्ही सगळे काय म्हणालो, तर तुला कसलं टेन्शन, इंग्लिशच तर बोलायचंय. आणि आता ही पोरगी दर दोन दिवसांनी रडत फोन करते. मलाच का, तर तिकडे सकाळी आठला रडू येतं तेव्हा आईकडे पहाटेचे तीन आणि माझ्याकडे दुपारचा दीड, म्हणजे मी नुकती जेवून ओटा पुसून बसलेली असते.

सुरुवात पहिल्याच रात्रीपासून. फोन चार्जिंगला लावून झोपली, सकाळी फोन मेलेला, त्यामुळे गजर नाही, त्यामुळे पहिल्या दिवसाची ओळखीची मीटिंग बुडाली. मी विचारलं बटण दाबलं होतंस का गं, तर म्हणते कसलं बटण. अमेरिकेत म्हणे सॉकेटला बटणच नसतं, पिन खुपसली की करंट चालू! मग केस वाळवायचं मशीन घरून नेलेलं, ते पिनेचा अडॅप्टर लावून चालवलं, दोन मिनिटांत जळका वास, धूर, आणि अख्ख्या बिल्डिंगचा फायर अलार्म. रात्री अकरा वाजता शंभर-दीडशे पोरं नाइटड्रेसवर खाली थंडीत उभी आणि ही ओल्या केसांनी मध्यभागी. ओल्या केसांवरून सगळ्यांना कळलंच कुणामुळे ते.

पुढचं, क्लास फर्स्ट फ्लोअरवर, ही वीस मिनिटं तळमजल्यावर खोली शोधतेय. (तिच्याकडे तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात.) फ्लॅटमधली मुलगी रोज सकाळी विचारते 'यू ऑलराइट?' हिला वाटायचं आपला चेहरा रडका दिसतोय म्हणून काळजीने विचारतेय, तर ही तिला पहिले काही दिवस खरंच सांगत बसली झोप नाही लागली, आईची आठवण येते वगैरे, आणि ती बिचारी हातात टोस्ट घेऊन दारात अडकलेली. ताप आला तेव्हा दुकानात जाऊन टायलेनॉल मागितलं, त्या माणसाला कळेना. मी इथून म्हटलं अगं पॅरासिटामॉल माग, तेच आहे ते. मिळालं लगेच.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तारीख. असाइनमेंटच्या कागदावर १२/११ लिहिलेलं, हिने वाचलं ११ डिसेंबर, कारण त्यांच्याकडे महिना आधी लिहितात. १३ तारखेला मैत्रिणीने विचारलं तेव्हा उजेड पडला. रात्रभर बसून दिलं पण एक दिवस उशीर म्हणून पाच मार्क कापणार आहेत. त्यात आधीच्या निबंधाला ६२ मिळाले. अमेरिकेत ही कायम नव्वदच्या वर. ६२ बघून जी रडली ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. आता म्हणते ख्रिसमसला जाते ती परत येतच नाही, एका सेमिस्टरवर आवरते. बहीण म्हणते ये. मला वाटतं राहावं. पण मी काय, मी नाशिकबाहेर फार फार तर पुण्याला राहिलेय दोन वर्षं.

तर प्रश्न : ६२ खरंच वाईट आहेत का? हे मार्क तिच्या अमेरिकेच्या कॉलेजात कसे धरतील? आणि मी इथे बसून काय करू शकते, ऐकून घेण्यापलीकडे?


इंदिरानगरचा_इंजिनिअर

मावशी सगळ्यात आधी, ६२ वाईट नाहीत, चांगले आहेत. तिला आजच सांगा. तिकडे पदवीला ४० ला पास, ६० ते ६९ म्हणजे टू-वन (वरचा सेकंड क्लास) आणि ७० च्या पुढे फर्स्ट. नोकरीच्या जाहिरातीत पण टू-वन पाहिजे असंच लिहितात बऱ्याचदा. १०० पैकी ७० च्या वर मार्क देताना त्या लोकांचा हात थरथरतो आणि ८० तर मी दोन वर्षांत कुणाला मिळालेले बघितले नाहीत. मी मास्टर्सला होतो, तिथे पासिंग ५०, माझ्या पहिल्या निबंधाला ५४ होते. मी इथे नाशिकला इंजिनिअरिंग केलेलं, पुरवण्या जोडून जोडून पेपर लिहायची सवय, जेवढी पानं तेवढे मार्क. तिथे २००० शब्द म्हणजे २००० च, आणि मी पुस्तकात काय लिहिलंय ते छान मांडलं होतं, तर सरांनी समासात लिहिलं, हे सगळं बरोबर आहे पण तुमचं म्हणणं काय? मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझं म्हणणं कोणी विचारलंच नव्हतं तोपर्यंत, बारावीपर्यंत नाही की बीईला नाही.

तिची अडचण माझ्या उलटी असणार. अमेरिकेत दर आठवड्याला होमवर्क, क्विझ, वर्गात बोलल्याचे मार्क, हजेरीचे मार्क, म्हणजे थोडं थोडं करून टोपली भरत जाते. इंग्लंडात आठवड्याला आठ-दहा तास लेक्चर, सेमिनार आणि एक भली मोठी वाचायची यादी देऊन सोडून देतात, शेवटी एक-दोन निबंध नाहीतर परीक्षा, त्यावर सगळं. यादीतलं सगळं वाचायचं नसतं हे मला डिसेंबरात कळलं!! तिला विचारा ती यादी पहिल्या पानापासून वाचत बसलीय का. बसली असणार.

अजून एक, त्यांच्या शेऱ्यांवर फार जाऊ नका, नाहीतर जाऊ द्या पण उलटं वाचा. 'क्वाइट गुड' लिहिलं तर अमेरिकन माणसाला वाटतं वा खूप चांगलं, पण ब्रिटिश माणूस ते लिहितो तेव्हा अर्थ 'ठीकय, चालेल' असा असतो. आणि 'नॉट बॅड' म्हटलं तर खूश व्हायचं. आपल्याकडे नाही का, सासरे जेवून उठताना 'बरी झाली होती आमटी' म्हणाले की सून समजून जाते.

मार्क ट्रान्सफरचं प्रत्येक अमेरिकन कॉलेजचं वेगळं असतं. बऱ्याच ठिकाणी रूपांतराचा तक्ता असतो, त्यात ७० च्या वर ए आणि साठच्या घरात बी प्लस ए मायनस असं काहीतरी येतं, काही ठिकाणी नुसतं क्रेडिट धरतात आणि सरासरीत मिळवतच नाहीत. तिच्या न्यू जर्सीच्या कॉलेजात परदेशी शिक्षणाचं ऑफिस असेल त्यांना एक मेल टाकायला सांगा, तक्ता मागवा. तो बघितल्याशिवाय परतीचा निर्णय घेऊ नका.


देवळाली_कॅम्प_७१

राग मानू नका पण हे सगळं वाचून हसूच आलं. माझा मुलगा गेल्या वर्षी गेला. व्हिसासाठी आधी आयएल्ट्स, मग टीबीची टेस्ट, मग फी आणि राहण्याचे पैसे २८ दिवस खात्यात पडून दाखवायचे, घरावर लोन काढलं. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना यातलं काहीच नाही, ना टीबी टेस्ट ना इंग्लिशची परीक्षा, बँकेचे कागदसुद्धा सहसा मागत नाहीत. हेल्थ सरचार्जचे वर्षाला ७७६ पौंड तेवढे दोघांना सारखे. माझा मुलगा वीस तास काम करून शिकतोय, आठवड्याला त्यापेक्षा जास्त करायला परवानगी नाही म्हणून, नाहीतर चाळीस केले असते. आणि इथे केसांचं मशीन जळलं म्हणून परत यायचं?


गंगापूररोडची_मावशी

@देवळाली_कॅम्प राग नाही मानत, तुमचा मुलगा कष्टाने शिकतोय त्याचं कौतुकच आहे. पण एक सांगू का, तुमच्या मुलाला परकं वाटणार हे त्याला शंभर जणांनी आधी सांगून ठेवलं होतं, त्याने प्रेशर कुकर नेला, गोडा मसाला नेला, सीनियर मुलांचे ग्रुप जॉइन केले. हिला सगळ्यांनी सांगितलं तुला काही जाणवणारच नाही. तयारीच नाही केली कुणी. मीही त्यातलीच.

आणि गंमत बघा, ही दहा वर्षांची असताना नाशिकला आली होती, मी म्हटलं जरा ते रबर दे गं, तर ही लाल होऊन खुदुखुदु हसायला लागली आणि बहिणीने मला आत बोलावून सांगितलं की अमेरिकेत रबर म्हणजे भलतंच असतं. मी तेव्हा ओशाळले. माझ्या इंग्लिशला ही कायम हसायची, लिफ्ट काय म्हणतेस, टॉर्च काय म्हणतेस, क्यू काय म्हणतेस. आता तिकडे सगळे रबर, लिफ्ट, टॉर्च, क्यू. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली मावशी इथे सगळे तुझ्यासारखं बोलतात. माझी शाळा मराठी माध्यमाची, इंग्लिश पाचवीपासून!


लीड्सची_नाशिककर

मावशी मी लीड्समध्येच आहे, दुसरं वर्ष, मूळची म्हसरूळची. घाईत लिहितेय लायब्ररीतून.

अडॅप्टरने फक्त पिन बदलते, व्होल्टेज नाही. अमेरिकेत १२०, इथे २३०, म्हणून मशीन जळालं. फोन लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, ते चालतात. ड्रायर इथला घ्यायचा, आर्गोसमध्ये वगैरे स्वस्तात मिळतो. भारतातून आणलेल्या वस्तू चालतात, आपल्याकडे पण २३० च.

तिने डॉक्टरकडे नाव नोंदवलंय का? तब्येत बरी असतानाच नोंदवायचं असतं, जीपी म्हणतात. सरचार्ज भरलाय ना, मग फुकट आहे.

अंधाराचं विचारायचं राहिलं का तुमचं, का तिने सांगितलं नाही? कारण खरा प्रॉब्लेम मला तोच वाटतोय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात आणि मग धपकन संध्याकाळ. आता चारला अंधार, डिसेंबरमध्ये पावणेचारलाच सूर्य गेलेला असतो. न्यू जर्सीत पण हिवाळा असतो बर्फ असतो पण तिथे एवढा लवकर अंधार नाही, लीड्स खूप वर आहे नकाशात. मला पहिल्या वर्षी वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय, दुपारी साडेतीनला झोप, रात्री दोनला टक्क जागी. मग एका सीनियरने सांगितलं लेक्चर असो नसो, दुपारी बाराला बाहेर पडायचंच, पाऊस असला तरी. आणि व्हिटॅमिन डी, इथले सरकारी डॉक्टरच सांगतात सगळ्यांना हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम.

यू ऑलराइटचं उत्तर 'यॅ, यू?' एवढंच. चालता चालता. थांबायचं नाही!! आपल्या सोसायटीत जिन्यात कुणी 'काय मग, झालं का जेवण' विचारलं तर आपण भाजी कुठली केली ते सांगतो का, तसंच.


पंचवटीचे_सर

मी निवृत्त शिक्षक, मुलाबाळांचा परदेशाशी संबंध नाही, तरी लिहितो. अमेरिकेतून इंग्लंडला शिकायला जाऊन गांगरणं यात नवीन काही नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले आणि १९१६ साली तिथून लंडनला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन (बॅरिस्टर होण्यासाठीची संस्था) दोन्हीकडे नाव घातलं. दोन्ही देशांची शिकवण्याची रीत एकाच विद्यार्थ्याने अशी लागोपाठ घेतलेली. कोलंबियात त्यांनी भारंभार कोर्स घेतले, अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, जे दिसेल ते. लंडनला मात्र मुख्य काम ग्रंथालयात, ब्रिटिश म्युझियमचं दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. वरच्या इंजिनिअर मुलाने टोपली भरणं आणि सोडून देणं जे लिहिलंय ते शंभर वर्षांपूर्वीही साधारण तसंच होतं असं दिसतं. त्यात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अर्ध्यातून परत यावं लागलं, पुन्हा १९२० ला साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे जमवून गेले आणि १९२३ ला डी.एस्सी. घेतली.

१९२१-२२ मध्ये ते लंडनला ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं, तिथे आता स्मारक आहे. भाचीला लंडनला जायचा योग आला तर बघून यायला सांगा. मावशी तुम्ही नाशिकच्या, तेव्हा तिला काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजापाशी कधी नेलं असेल तर २ मार्च १९३० चा सत्याग्रह सांगितलाच असेल. नसेल तर फोनवर सांगा, पोरगी रडायची थांबेल थोडी, निदान दुसरं काहीतरी ऐकेल.


देवळाली_कॅम्प_७१

सर विषय कुठून कुठे नेलात :) पण घराचं माहीत नव्हतं, मुलाला कळवतो, तो लंडनलाच आहे.

मावशी, काल जरा तिखट लिहिलं गेलं. आज मुलाशी बोललो. म्हणाला बाबा पहिले दोन महिने मी पण रडायचो पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लोनचा हप्ता काढला असता. मला गप्पच बसावं लागलं. त्याचा फ्लॅटमेट अमेरिकन आहे, त्याची एक गंमत सांगितलीन त्याने. त्या मुलाला टीव्ही लायसन्सचं पत्र आलं, पाठोपाठ दुसरं लाल अक्षरांत, घाबरून त्याने १७४.५० पौंड भरायची तयारी केली होती, खोलीत टीव्ही नसताना! लाइव्ह टीव्ही किंवा बीबीसीचं आयप्लेअर बघत असाल तरच लागतं ते. मी म्हटलं आमच्या वडिलांकडे रेडिओचं लायसन होतं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पासबुकासारखं पुस्तक असायचं. मुलाला खरं वाटेना.


गंगापूररोडची_मावशी

अय्या, हिलाही आलंय ते पत्र! आणि हिच्याकडे टीव्ही नाही. कळवते लगेच.


इंदिरानगरचा_इंजिनिअर

मावशी २७ तारखेला थँक्सगिव्हिंग आहे, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. तिच्यासाठी ती दिवाळीच, आणि इंग्लंडात त्या दिवशी काहीच नसतं, नेहमीचे क्लास. माझ्या बॅचच्या अमेरिकन मुलीला मी सगळ्यात उदास त्याच दिवशी बघितलं. दुपारभर स्वयंपाकघरात बसून घरच्यांचे फोटो बघत होती, तिकडे ओव्हनमध्ये टर्की आणि इथे हिच्यासमोर मायक्रोवेव्हचा पास्ता. मला तेव्हा कळलं नाही, मी आपला चहा करून निघून गेलो. आम्हाला दिवाळीला निदान इंडियन सोसायटी होती, लाडू होते, दोनशे माणसं होती. ती एकटीच होती त्या मजल्यावर. तर २७ ला फोन तुम्हीच करा, तिच्या फोनची वाट बघू नका.


लीड्सची_नाशिककर

२७ ला तिला आमच्याकडे पाठवा ना. आम्ही चौघी राहतो, एक सांगलीची, दोघी गुजराती. टर्की नाही करता येणार पण कोंबडी भाजू, बटाटे करू. नंबर खासगी निरोपात पाठवलाय तुम्हाला. आणि मी १५ डिसेंबरला नाशिकला येतेय, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत. तिच्यासाठी काही द्यायचं असेल तर द्या, दोन किलोची जागा ठेवते. चिवडा, मेतकूट, ठेचा बिनधास्त. पेढे, तूप, खवा नको, दुधाचं आणि मटणाचं इथे आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.


गंगापूररोडची_मावशी
२८ नोव्हेंबर, दुपारी १:५०

मंडळी अपडेट द्यायला उशीर झाला, इकडे लग्नाची गडबड होती.

काल भाची गेली होती लीड्सच्या नाशिककरकडे जेवायला. व्हिडिओ कॉल केला तिथून, रात्रीचे साडेअकरा वाजले होते इथे, मी अर्धवट झोपेत. कोंबडी एका बाजूने काळी झाली होती कारण हिने ओव्हन लावला आणि आकडा फॅरनहाइटचा डोक्यात, तिथला सेल्सिअसचा. पण कुणी रडत नव्हतं. सांगलीची मुलगी हिला पुरणपोळी कशी लाटतात ते पाव लाटून दाखवत होती, का ते विचारू नका.

तिच्या कॉलेजचा मेल आला आहे, त्यांच्या तक्त्यात ६२ ला बी प्लस आहे. उशिराचे पाच कापूनही दुसऱ्यात ५८ उरलेत, त्याला बी. हे कळल्यावर अर्धा तास तीच मला समजावत होती की मावशी बघ इथे ७० म्हणजे खूप असतात, जसं काही मीच रडत होते.

तिकीट बदललेलं नाही अजून, पण रद्दही केलेलं नाही. बहीण म्हणते २० तारखेला घरी येऊ दे, मग बघू. मी म्हटलं परतीचं लीड्सचं बुकिंग तेवढं ठेव.

@लीड्सची_नाशिककर चिवडा एक किलो, मेतकूट पाव किलो, शेंगदाण्याची चटणी. मेनरोडवरून आणून ठेवते. पेढे आधीच आणले होते, आता ते आम्हीच खातोय.